टीव्हीतल्या जमिनीचा ताबा

माझ्या नावावर आयुष्यात एकच जमीन झाली आणि ती टीव्हीत होती. हसा, हसा. मीही हसायचे. पण ती जायची वेळ आली तेव्हा मला ती जाऊ द्यायची नव्हती, अगदी मनापासून नव्हती. आणि ती राखण्यासाठी माझ्या माहेरच्या मंडळींनी जो काही प्रकार केला, तो आठवला की अजूनही कपाळावर हात मारावासा वाटतो.

माहेर माझं मोशीचं. जिथे आमचं रान होतं तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्यातल्याच एकात, सातव्या मजल्यावर, आई, आप्पा, दादा आणि वहिनी राहतात. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर मातीत वावरलेला माणूस फ्लॅटमध्ये जाऊन काय करणार? सुरुवातीला ते लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढून ठेवायचे आणि खाली उतरल्यावर अनवाणी उभे राहून, चपला कुठे गेल्या म्हणून वॉचमनला झापायचे. मग सोसायटीच्या बागेत जाऊन माळ्याला शिकवायला लागले. एकदा त्यांनी गुलाबाच्या वाफ्यात मेथी टाकली. मेथी छान आलीसुद्धा, पण सेक्रेटरीनं नोटीस लावली आणि त्या दिवसापासून आप्पा बागेत जायचे बंद झाले.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टांमधल्या चुका काढायच्या, हे माझं काम. "तुझा स्वभाव आधीपासून तसलाच होता, कंपनीनं फक्त पगार सुरू केला," असं माझा नवरा म्हणतो. त्याचं काय मनावर घ्यायचं! माझा दुसरा दुर्गुण म्हणजे मला गेम खेळायचा नाद आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं भिशी करावी, मालिका बघाव्यात, गेम खेळू नयेत, असं वहिनीचं मत आहे. "हौशी आहात हो वन्सं," असं ती गोड हसून म्हणते, आणि त्या हसण्यात काय काय कालवलेलं असतं ते मलाच कळतं.

आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना घरात बसवून ठेवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांचीच सहनशक्ती संपली. ते दिवसभर पलंगावर पडून छताला शिव्या द्यायचे. म्हणून मी माझं गेमचं मशीन उचललं आणि माहेरच्या टीव्हीला जोडून दिलं. त्यात एक शेतीचा गेम घेतला. घेतला म्हणजे ऑनलाइन दुकानातून घेतला. पूर्वीसारखा डबा नाही, चकती नाही, पावतीचा कागदही नाही. बटण दाबलं, पैसे गेले आणि टीव्हीवर आलं की खरेदी पूर्ण झाली.

गेम कुठल्यातरी गोऱ्या देशातला. लाल छपरांची घरं, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ, आणि आमच्या हॉलमध्ये मावणार नाहीत एवढे ट्रॅक्टर. आप्पांनी आधी नाक मुरडलं. "ह्यात बैल न्हाईत," म्हणाले. मी चहा करून बाहेर येते तर पाय स्टुलावर, जीभ दातांत, आणि म्हातारा नांगरतोय. हळूहळू त्यांनी प्रत्येक तुकड्याला नाव दिलं. विहिरीचं रान, खालची पट्टी, बाभळीचा तुकडा. तिथे ना विहीर होती ना बाभूळ. शेजारी एक गोरा शेतकरी होता, त्याला कॉम्प्युटरच चालवायचा. तो बिचारा आपल्या शेतात सरळ रेषेत जायचा आणि सरळ रेषेत यायचा. आप्पांनी त्याच्याशी एकतर्फी वैर धरलं. "त्यो बांध कोरतोय," असं त्यांचं म्हणणं. मग दर हंगामाला आप्पाच हळूच नांगर घेऊन त्याच्या हद्दीत हातभर सरकायला बघायचे. गेम ते होऊ द्यायचा नाही. "वरपातूर वळख दिसतीया त्याची," असं म्हणून आप्पा मागे यायचे.

मोशीत खरा पाऊस पडला की ते टीव्हीतल्या गव्हाला पाणी द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, "अहो आप्पा, तिथे नाही पडलाय." ते म्हणायचे, "पडंल की. ढग तिकडंच चाललंत." आईसुद्धा काही कमी नाही. ती जेवणाच्या वेळेला भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन सोफ्यापाशी यायची आणि म्हणायची, "चला, औत सोडा." मग आप्पा खरोखर ट्रॅक्टर झाडाखाली सावलीत नेऊन लावायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचे.

माझी सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मी मोशीला जायचे आणि दुसरा कंट्रोलर घेऊन आप्पांच्या शेजारी बसायचे. ते पेरायचे, मी कापायचे. लहानपणी मला शेतात पाठवायचे ते डबा पोचवायला, नाहीतर खुरपायला. औताला हात लावू दिला नव्हता कधी. आता आप्पा मला ओरडायचे, "सरळ घे, सरळ! आगं तुला डोळं हायत का बटणं?" आणि मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! बापाच्या शिव्या खात त्याच्या बरोबरीनं रान कसायचं सुख मला चाळिशीनंतर मिळालं आणि तेही टीव्हीत. म्हणून म्हणते, मला ती जमीन हवी होती.

मग एक दिवस मशीनवर निरोप आला. ते ऑनलाइन दुकान बंद होणार होतं. पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारपासून तिथून घेतलेले गेम उघडतीलच याची खात्री नाही. कारण गेम उघडताना मशीन दुकानाला विचारतं की ह्या बाईनं हे घेतलंय ना, आणि दुकानच नसेल तर उत्तर कोण देणार? कंपनीत पुरवठादारांची पत्रं वाचायची सवय असल्यामुळे मी त्या निरोपातली बारीक अक्षरंही वाचली. त्यात लिहिलं होतं की आम्ही तुम्हाला गेम विकला नव्हता, फक्त वापरायचा परवाना दिला होता.

मी आप्पांना समजावून सांगितलं.

"म्हंजी आपली खरेदी झालीच न्हाई?"

"नाही."

"पण पैसं घेतलं."

"घेतले."

"मंग आपण कोण?"

"आपण आपले... वापरणारे."

आप्पांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "म्हंजी कूळ!" ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला कळेना, यात खूश होण्यासारखं काय आहे.

होतं ते असं. मोशीची आमची जमीन मुळात आमची नव्हतीच. आप्पांचे वडील ती दुसऱ्याची कसायचे, आणि कूळकायदा आला तेव्हा कसणारा म्हणून ती त्यांच्या नावावर झाली. ही गोष्ट आप्पांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा ऐकवली होती की आम्ही ती झोपेतही सांगू शकलो असतो. त्यामुळे आप्पांच्या हिशेबात कूळ असणं म्हणजे मालक होण्याच्या जरा अलीकडे असणं. "कसतंय कोण? मी. पीक कुणाचं उभं हाय? माजं. त्यो दुकानदार कदी बांधावर तरी आला का? मंग जमीन कुणाची झाली? चल, उद्या तालुक्याला जाऊ."

"आप्पा, तो कायदा गेमला लागू नाही हो."

"जमिनीला लागू हाय न्हवं?"

"ही जमीन नाहीये!"

"मंग मी इतकी वर्सं काय करतोय?"



तालुक्याला जाण्याऐवजी दादानं तालुकाच घरी आणला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बस तो चालवायला देतो, त्यामुळे त्याच्या सगळीकडे ओळखी. त्यातलेच एक निवृत्त तलाठी. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात आणि निवृत्त झाला तरी तो भाऊसाहेबच राहतो. मला वाटलं, सरकारी माणूस आहे, चार शब्द समजुतीचे सांगेल. कशाचं काय! भाऊसाहेबांनी चहा संपवला, चष्मा चढवला आणि टीव्हीची स्थळपाहणी सुरू केली.

"चतुःसीमा सांगा," ते म्हणाले.

आप्पांनी सांगितली. पूर्वेस शोकेस, पश्चिमेस बाथरूमचं दार, दक्षिणेस देव्हारा, उत्तरेस सोफा.

"आणि आत?"

आत पूर्वेस गोऱ्याचं रान, पश्चिमेस नदी. भाऊसाहेबांनी टीव्हीतल्या नदीवर बोट ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "पूररेषा कुठं येते?" इंद्रायणीकाठच्या माणसाला पूररेषेशिवाय जमीन कळतच नाही. आप्पा गडबडले. म्हणाले, आजवर पूर आला नाही. "मग मुद्दाम सांगू नका कुणाला," भाऊसाहेब म्हणाले. "आता सांगा, ताबा कुणाचा?"

"माजा."

"अखंड?"

"म्हंजी, रातच्याला बंद करतो."

"हात्तिच्या! इथंच तर घात होतो. जागेवर बसलेल्या माणसाला उठवायला कोर्टाची हयात जाते. पण तो स्वतःहून उठला की खेळ खलास!"

आणि मी मूर्ख! मी तोंड उघडलं. म्हणाले, तसं बघायला गेलं तर हे खरं आहे, गेम बंदच केला नाही तर मशीन दुकानाला विचारायला जाणार नाही. झालं. आप्पांनी माझ्याकडे अशा काही कौतुकानं पाहिलं की दहावी पास झाले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

उठता उठता भाऊसाहेबांनी विचारलं, "बाकी, नाव कुणाचं लागलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मशीन माझं, खातं माझं, खरेदी म्हणा की परवाना म्हणा, जे काही होतं ते माझ्या नावावर होतं. टीव्हीच्या कोपऱ्यात इतकी वर्षं माझं नाव इंग्रजीत दिसत होतं. आप्पांना ते त्या गोऱ्यांच्या गावाचं नाव वाटायचं.

"हिच्या?" आप्पा म्हणाले.

"मग त्यात काय एवढं," दादा म्हणाला. "हक्कसोड करून घेऊ."

तो अगदी सहज बोलला, पाणी आण म्हणावं तसं. हक्कसोड काय असतं ते आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक बहिणीला ठाऊक असतं. बापाच्या जमिनीत कायद्यानं आपलाही वाटा असतो, आणि तो भावासाठी सोडून दिला असं रजिस्ट्रारसमोर सही करून द्यायचं असतं. मीही दिली होती. आप्पांनी सांगितलं, मी केली. बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली, दादानं मला साडी घेतली, आणि पुढे थोड्याच दिवसांत जमीन बिल्डरला गेली. मी कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर माहेर तुटलं असतं, आणि मला माहेर हवं होतं. सगळ्याच जणी असं करतात. पण त्या साडीची घडी मी अजून मोडलेली नाही.

आणि आता टीव्हीतल्या गव्हासाठी पुन्हा हक्कसोड!

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"सही नाही करणार. ही माझी आहे."

दादा हसला. "अगं बाई, गेम आहे तो."

"मग तुला कशाला पाहिजे?"

वहिनी आतून दाराशी आली. "वन्सं, चेष्टा करतायत ते."

"मी नाही करत."

आई म्हणाली, पोहे निवतायत. भाऊसाहेबांना अशा प्रसंगांची सवय असावी, त्यांनी पोह्याची बशी उचलली आणि खिडकीबाहेर बघत खायला लागले. आप्पा मात्र टीव्हीकडे तोंड करून गव्हाला खत मारत बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला असा संताप आला की पोहे न खाता मी घर गाठलं.

पण रागावले तरी जीव तिकडेच. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून विचारलं, "चालू आहे ना?" चालू होता. घरात तीन शिफ्ट लागल्या होत्या. फर्स्ट शिफ्ट आप्पांची, सेकंड आईची आणि थर्ड दादाची, कारण बस सोडायच्या असल्यामुळे तो तसाही जागाच असतो. गुरुवारी रिलीव्हर म्हणून मी. आमच्या भागात शिफ्ट कुणाला शिकवावी लागत नाही. आईनं जन्मात कंपनीचं गेट ओलांडलेलं नाही, पण सोफ्यावर बसताना ती आप्पांना विचारायची, "काय पेंडिंग हाय?"

"खालच्या पट्टीला पाणी. आन गोऱ्यावर ध्यान ठेव."

आईला ट्रॅक्टर चालवता येत नसे. ती कंट्रोलर ओच्यात ठेवून मटार सोलायची आणि मधूनच त्या गोऱ्याला विचारायची, "जेवलास का रं बाबा?" एकदा मटाराच्या नादात तिचा अंगठा लागला आणि विहिरीच्या रानातला उभा गहू नांगरला गेला. आप्पांनी तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. आई म्हणाली, मग मी उद्यापासून कामावर येत नाही. तिची मनधरणी करायला दादाला जिलेबी आणावी लागली. वहिनीला टीव्ही मिळत नव्हता म्हणून ती तिची मालिका मोबाईलवर बघायची, आवाज मुद्दाम मोठा ठेवून. त्यामुळे आप्पांच्या ट्रॅक्टरमागे सतत कुणीतरी सासू रडत असायची.

तेवढ्यात भाऊसाहेबांच्या सल्ल्यानं दादानं सोसायटीच्या बोर्डावर जाहीर सूचना लावली. सदर मिळकतीबाबत कुणाची हरकत असल्यास कळवावी, नसल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. मी म्हटलं, कोण हरकत घेणार आहे? घेतली ना! दुसऱ्या टॉवरमध्ये आप्पांचे चुलतभाऊ राहतात, आमचे काका. ते टोपी घालून आले आणि सोफ्यावर ठाण मांडून बसले.

"खालच्या पट्टीत आमचा वाटा हाय," ते म्हणाले.

"काका, हा गेम आहे," मी म्हणाले.

"असू दे की. खालची पट्टी सामाईक व्हती. न्हाई तर ह्यानं तेच नाव कशापाई दिलं? आँ?"

आप्पांनी नावं दिली होती हे खरंच. ती त्यांच्या अंगाशी आली. बराच वेळ वाद झाला. आमच्या आजोबांनी काय कबूल केलं होतं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं निघालं. शेवटी आप्पांनी काकांच्या हातात कंट्रोलर दिला. "घे, कस तुजा वाटा." काकांनी ट्रॅक्टर सुरू केला, खालची पट्टी ओलांडली, बांध ओलांडला आणि सरळ नदीत घातला. फक्त धुराडं वर राहिलं. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"बरं, नाव कुणाचं हाय?" त्यांनी विषय बदलला. दादानं सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढा मोठा उसासा सोडला. "पोरीच्या? म्हंजी घराण्यातली जमीन सासरी गेली म्हणायची!"

"तू चा पी," आप्पा म्हणाले. एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले की आता तरी काही बोलतील. ते नदीतला ट्रॅक्टर बाहेर काढायच्या मागे लागले होते.

मग आप्पांनी मला त्या दुकानाच्या मदत केंद्राशी बोलायला लावलं. ते सांगत होते आणि मी मोबाईलवर जमेल तसं इंग्रजीत घालत होते. "लिव, सदर मिळकत आमच्या प्रत्यक्ष ताबेवहिवाटीत असून ती आमी स्वतः कसत आहोत." पलीकडे माणूस नव्हताच, मशीनच बोलत होतं. ते म्हणालं, हे ऐकून वाईट वाटलं, तुम्ही गेम बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का? आप्पा उडालेच. "बगा! बगा कसा ताबा सोडायला लावतोय!" मग त्यानं विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? "तारं न्हाई, शिक्का मारून लेखी दे म्हणावं," आप्पा म्हणाले. मी एक तारा दिला. मशीननं माझे मनापासून आभार मानले.

आणि तो गुरुवार उजाडला. आता त्या परदेशी दुकानदारांना काय माहीत, की आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते! वीजवाले त्या दिवशी तारा दुरुस्त करतात, म्हणून कारखान्यांना सुट्टीही त्याच दिवशी. मी पोचले तेव्हा लाईट गेलेली होती, आणि टीव्ही आणि मशीन इन्व्हर्टरवर चालू होतं. बाकी सगळं आप्पांनी बंद करायला लावलं होतं. पंखे बंद, फ्रिज बंद, इंटरनेटचा डबा बंद. सगळे घामानं निथळत सोफ्याभोवती बसलेले, आणि पंच म्हणून भाऊसाहेब. हॉलमध्ये एखाद्याला सलाईन लावल्यासारखी शांतता होती.

इतक्यात किचनमधून मिक्सर सुरू झाला.

"बंद कर!" दादा एवढ्यानं ओरडला की वहिनीच्या हातून झाकणच उडालं. लसणाची चटणी भिंतीवर, ओट्यावर, आणि काय झालं ते बघायला गेलेल्या भाऊसाहेबांच्या मिशीत. इन्व्हर्टर ठणाणा करायला लागला. टीव्ही काळा झाला. आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. पण मशीनचा इवलासा दिवा काही विझला नाही, आणि वहिनीनं मिक्सरची पिन उपटल्यावर टीव्हीही परत आला. गहू जागेवर होता. आप्पांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. असं करत करत आम्ही दुपार काढली, आणि लाईट आली तेव्हा दादा आणि भाऊसाहेब मॅच जिंकल्यासारखे एकमेकांना टाळ्या देत होते. आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. त्या आनंदात पंखे लागले, फ्रिज लागला, आणि कुणीतरी इंटरनेटचा डबाही लावला. कुणी ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

डबा लागला तसं दुकान घरात आलं.

गव्हाच्या मधोमध एक पांढरी चौकट उघडली. मी वाचून दाखवलं. आजपासून आमचं दुकान बंद झालं आहे. मी, खातेदार, माझ्या आजवरच्या सर्व खरेदीवरचा हक्क सोडत आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या नव्या दुकानात वापरण्यासाठी एक कूपन मिळेल. खाली बटण होतं, मान्य.

"आन अमान्य?" आप्पांनी विचारलं.

"ते नाहीच आहे. एकच बटण आहे."

"दाबलं तर शेत ऱ्हातं का?" आई म्हणाली.

"नाही."

"नाही दाबलं तर?"

"तरी नाही."

चौकट काही हलेना. तिच्या कडेनं कापणीला आलेला गहू दिसत होता, आणि मागे तो गोरा आपला सरळ रेषेत जाता जाता मध्येच थबकला होता.

"मग दाब की," दादा म्हणाला. "कूपन तरी पदरात पडेल." भाऊसाहेबांनीही मिशी पुसत मान डोलावली. खरं सांगते, मी दाबणारच होते. अंगठा बटणावर गेलाही होता. सगळ्यांनी मिळून मला एखादी गोष्ट करायला सांगितली की माझा हात आपोआप पुढे होतो. तसंच वळण आहे मला, कंपनीत कितीही तोंड चालवलं तरी.

"काय लिवलंय म्हणालीस?" आप्पा म्हणाले. "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं, सावकाश. हक्क सोडत आहे. तक्रार नाही.

"नको करू सही," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तसंही ते जातंयच ना!" दादा म्हणाला.

"जाऊ दे. गेलं तर त्येंनी नेलं. हिनं सोडलं, असं कुटं लिवलेलं नको."

वहिनी चटणीचं फडकं हातात घेऊन किचनच्या दारात उभी राहिली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलेच, "मग तेव्हा का नाही बोललात?"

कधी, कशाबद्दल, असं कुणी विचारलं नाही. दादा खाली फरशीकडे बघायला लागला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि इतक्या वर्षांनी बाप आपल्या बाजूनं बोलला म्हणून आनंदही होत होता, त्या आनंदाचा तर सगळ्यात जास्त राग येत होता. ह्या वयात, सगळ्यांसमोर, नाक ओढत मी म्हणाले, "तेव्हा माझाच हात धरून नेलंत मला तिथे. तुम्हीच."

आप्पांनी नजर चुकवली नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"तवा वाटलं, जमीन ऱ्हाईल," ते म्हणाले. "पोरगी काय, जायचीच. समदं उलटं झालं."

आणि त्यांनी हात पुढे करून माझ्या हातातला कंट्रोलर काढून घेतला. न जाणो, सवयीनं मी मान्य करून बसेन म्हणून.